आईच्या डोळ्यांतलं वजन

आईचा ताप हटत नव्हता म्हणून तिला घेऊन दवाखान्यात बसले होते. जागरणांनी माझेही डोळे चुरचुरत होते. समोरच्या बाकावर एक तरुण बाई होती, मांडीवर गुटगुटीत मुलगा. त्याच्या गालांनी डोळे झाकायची वेळ आली होती. तिला आत बोलावलं, दार अर्धवट उघडंच राहिलं आणि तिचं बोलणं बाहेर ऐकू आलं.

"डॉक्टर, हा काही खातच नाही हो. बघा ना, कसा वाळलाय."

"अहो, वजन जास्तच आहे त्याचं," डॉक्टर म्हणाले. "आधी ती बिस्किटं बंद करा."

बाहेर आली तेव्हा ती मुलाचं मनगट चिमटीत धरून पाहत होती. तिला काही ते पटलं नव्हतं. आयांना मुलाचं अंग दिसतच नसावं. ताटात उरलेला घास तेवढा दिसतो.

मग आमचा नंबर लागला. आईला धरून खुर्चीत बसवलं. तिचा दंड माझ्या मुठीत मावत होता. डॉक्टर नाडी बघायला लागले, तर तिने त्यांचा हात हळूच बाजूला केला.

"माझं राहू द्या. आधी हिला तपासा. पोरीच्या अंगावर मांसच राहिलं नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते हसले. पन्नाशी ओलांडलेली, चांगली भरलेली पोर. मीही हसायला गेले, पण मान वळवून आईचा पदर सारखा करू लागले. घरात एवढी माणसं आहेत. मी दमलेय हे इतक्या दिवसांत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.