बाईंची उलटी तालीम

वसुधाबाई गेल्याचं मला भाजी निवडताना कळलं. फोन नवऱ्यानं, दिलीपनं घेतला, ऐकलं आणि गॅस बंद केला… मी समजले. बाई आजारी होत्याच, पण आपली माणसं आजारी असतात, जात नाहीत, असंच आपण धरून चालतो.

बाई कॉलेजात आम्हाला मराठी शिकवायच्या आणि संध्याकाळी नाटक बसवायच्या. वर्गात भाषा पुस्तकी, तालमीत अस्सल कोल्हापुरी. त्यांना जुन्या थाटाच्या शोकांतिकांचं वेड, आणि तालीम मात्र उलटी. पहिल्याच दिवशी शेवटचा प्रवेश घ्यायच्या. "आधी मरून घ्या, प्रेमाचं मागनं बघू," म्हणायच्या. आमच्या नाटकात नायिकेच्या बापाला तिच्या प्रेमाचा पत्ताच नसतो, नायक लढाईत पडल्याची खोटी बातमी येते, नायिका बुरुजावरून उडी घेते, आणि तेव्हा तो जिवंत परत येऊन वेशीत पोचलेला असतो. नायिका मी. बुरूज म्हणजे टेबल, खाली गादी.

मी उडी फार मनापासून मारायचे. घरात माझं लग्न दुसरीकडं ठरत होतं, नाटकाची प्रकाशयोजना बघणारा गडहिंग्लजचा दिलीप आमच्या जातीतला नव्हता, आणि आम्हा दोघांचं ठरलं होतं… घरून नकार आला तर दोघांनी रंकाळा तलावात उडी घ्यायची. त्या वयात असलं बोलणं फार थोर वाटतं. एकदा उडी मारून उठले तर बाईंनी तालीम थांबवून मला शेजारी बसवलं.

"उडी मारताना खाली बघितलंस?"

"नाही, बाई."

"तो वेशीत आलता की गं. प्रेमानं कोण मरत न्हाय, घाईनं मरतंय."

मला रडू फुटलं आणि सगळं सांगून टाकलं. बाई रागावल्या नाहीत. प्रयोगाला त्यांनी आण्णांना, माझ्या वडिलांना, हातकणंगल्याहून मुद्दाम बोलावलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. आण्णा ऊस पिकवणारे जैन शेतकरी, नाटकाशी त्यांचा छत्तीसचा आकडा. पण पडदा पडला तेव्हा उपरण्यानं डोळे पुसत होते. म्हणाले, "त्या बापाला कुणीतरी आधी सांगाय पाहिजे होतं."

"तेच सांगायचं हाय तुम्हाला. बसा," बाई म्हणाल्या.

रंकाळ्यासकट सगळं ऐकल्यावर आण्णांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. बाई मात्र दर रविवारी एसटीनं त्यांच्याकडं जायच्या, चहा घ्यायच्या, कडाकडा भांडायच्या आणि पुढच्या रविवारी येते म्हणून सांगून निघायच्या. आण्णांचा होकार आला तो वर्ष उलटल्यावर, तोही कुरकुरत. माझा जीव आणि माझा संसार, दोन्ही बाईंनी राखले. हे मी त्यांना कितीदा तरी बोलून दाखवलं, आणि दरवेळी त्यांनी मला गप्प बसवलं.

आमचं लग्न झालं त्या साली आण्णांनी गुऱ्हाळातली पहिली ढेप बाईंच्या घरी पाठवली. तेव्हापासून तो रिवाजच पडला. परवा त्यांचा फोन आला. ढेप घेऊन गडी तुझ्याकडं निघालाय, बाईंच्या घरी नीट पोचव, म्हणाले. मला वाटलं, वयामुळं विसरले असतील.

"आण्णा, बाई गेल्या…"

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "बाईंनी राखलेली माझी लेक हाय की अजून. गूळ जाणारच."