घासलेला तुरा
चिंचेचा आंबट वास आला की मला सासऱ्यांचा तमगा आठवतो. ते अंबडच्या तहसिलीत चपराशी होते. दरबारातून मिळालेला, राजाचा पगडी-तुऱ्यासकट मुखडा असलेला तो चांदीचा तमगा सासूबाईंनी देवाच्या टाकांत ठेवला होता, आणि दर सणाला टाकांसोबत मी तोही चिंच-राखेनं मन लावून घासायची. मंग बडे साहेब येणार म्हणून सासऱ्यांनी तो छातीवर लावायला काढला. “राजाचा तुरा कुठं गेला?” त्यांनी विचारलं. मी दाराआड उभी, सासऱ्यांपुढं सुनेनं बोलायची रीत न्हाई. “देवासंगं म्याच घासला,” सासूबाई म्हणाल्या. ते तसाच लावून गेले आणि राजाचा तुरा पुसला म्हणून सांजेला चपराशाचा पट्टा गमावून आले. मरेपर्यंत ते सासूबाईंशी बोलले न्हाईत. तमगा अजून टाकांत आहे. त्याला मी नुसत्या पाण्यानं धुते.