न करकरणारे छप्पर

वैशाखाच्या उन्हात छपरावर माणूस चढला की कवेलू, म्हणजे मातीची कौले, कटकट वाजतात आणि त्यांच्याखालचा बांबू करकरतो. खाली तांदूळ निवडत, तो आवाज ऐकत मी संसार केला. वानरांनी फोडलेली कवेलू काढायची, पावसाआधी घरोघरची छपरे फेरून, म्हणजे उलगडून पुन्हा रचून द्यायची, हा माझ्या नवऱ्याचा धंदा. कुजका बांबू मोडण्याआधी करकरतो. तेवढ्यात अनवाणी पाय उचलायचा, ही त्याची सारी विद्या. किती वर्षे चढला, पण त्याला कधी खरचटलेसुद्धा नाही!

मग आमच्याकडे सिमेंटचे पत्रे आले. ब्रह्मपुरीकडच्या एका घरावर तो तसाच अनवाणी, तसाच कान देऊन चढला. पत्रा करकरला नाही, एकदम फुटला. खाली फरशी होती. कंबर गेली; तेव्हापासून तो खाटेवर आहे. लोक म्हणाले, नशीब. कसले नशीब? जुन्या छपराची विद्या नव्या छपरावर नेली, ही चूक झाली; आणि चुकीला नशीब म्हटले की माणूस तीच पुन्हा करायला मोकळा!

म्हणून माझा मारोती बापाच्याच धंद्यात शिरला, तेव्हा मार्कंड्याच्या जत्रेतून मी बांगड्या नाही, जाड दोर आणला. एक टोक छपरावरून पलीकडच्या झाडाला, दुसरे कमरेला.

"माय, लोक हासतीन ना! मी का बैल हावो?"

"बैलाले तरी बांधून ठेवतेत. तुले काऊन मोकळा सोडू?"

खाटेवरून बाप म्हणाला, "नोको बांधू त्याले. पायात येते दोर."

मी कामाची शिडी अंगणात आडवी पाडली आणि तिच्यावर बसले. दोर बांध, मग शिडी. ऊन डोक्यावर आले तेव्हा मारोतीने दोर खांद्यावर टाकला. तरी माझा भरवसा नव्हता. मी त्याच्यामागे गेले आणि रोज शिडीखाली बसू लागले. गावाने हसायचे तेवढे हसून घेतले.

एका दुपारी पत्रा फुटला. तसाच, न करकरता. तुकडे माझ्यासमोर पडले आणि मारोती वर दोराला लोंबकळत पत्र्याला, मालकाला, मला शिव्या देत राहिला. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

संध्याकाळी बापाने तो दोर खाटेवर मागितला, वीतवीत चाचपला. "इथी घासला हाये. नवा आण."

आणला. आता छपरावरून दोर घासल्याचा आवाज येतो. तो आवाज येतो तोवर मी शिडीखाली तांदूळ निवडते.