सीताफळाचा स्टाफ

"मॅडम, रविवारी माणूस बोलावलाय. झाड कटवून टाकतो, गाडीला जागा होईल." देशपांडेकाकांनी गेटवरच निकाल सांगितला.

मागे काकू उभ्या. सीताफळ त्यांनी बी लावून वाढवलेलं. "फुलं इतकी येतात हो, पण पाच वर्षांत एक फळ नाही. तुम्हीच सांगा ह्यांना, कापू नका म्हणून." डोळे भरून आले होते.

मी फळझाडांची कन्सल्टंट. झाड रुसलं की लोक मला बोलावतात. राजेंद्र नगरातल्या ह्या झाडाला मात्र काहीच झालं नव्हतं. पानं हिरवीगार, फांद्या फुलांनी लगडलेल्या. मग मी खाली बघितलं आणि डोकंच फिरलं. अंगण लख्ख!

"दिवसातून दोनदा झाडतो, दर आठवड्याला फवारणी," काका खूश. "इंदौर आहे मॅडम, देशात सगळ्यात स्वच्छ. झाडाचा पत्ता पडला की उचलला."

"काका, तुम्ही झाडाचा सगळा स्टाफच काढून टाकलात!"

काका रिटायर्ड ऑफिस सुपरिंटेंडेंट. स्टाफ म्हटल्यावर ऐकायला लागले. सीताफळाचं फूल आधी मादी असतं, नंतर नर होतं. त्यामुळे एका फुलाचे पराग दुसऱ्यावर कुणीतरी न्यावे लागतात. ते काम बारीक भुंगेरे करतात, आणि ते राहतात कुजक्या पाचोळ्यात.

"रविवारपर्यंत स्टाफचं काम मी करते," मी म्हटलं.

संध्याकाळी पूर्ण उमललेल्या, म्हणजे नर झालेल्या फुलांचे पराग काकूंच्या रिकाम्या कुंकवाच्या डबीत झाडून घेतले. सकाळी सहाला पेंटिंगचा ब्रश घेऊन हजर. काकू फांदी धरायच्या, मी अर्धवट उघडलेल्या, अजून मादी असलेल्या फुलात ब्रश फिरवायची. अशी वीस फुलं केली, प्रत्येकाला लाल दोरा.

"ब्रशने फळं येतात होय!" काका पेपरमागून हसले. मला असा राग आला! पण उत्तर झाडच देणार होतं.

गुरुवारी काकूंचा फोन. फुलं गळतायत.

रविवारी पोचले तर करवतवाला आधीच गेटशी. काकू ओरडल्या, "मॅडम, पळत या!"

गळली होती ती बिनदोऱ्याची. लाल दोरेवाल्या चौदा देठांवर हिरवी गुंडी घट्ट बसलेली!

"बसली! काकू, फळं बसली!" बावन्नाव्या वर्षी मी अंगणात उड्या मारल्या. काकांनी चष्मा लावून दोनदा मोजलं. मग करवतवाल्याकडे वळले. "भिया, चाय पी आणि जा."

तेव्हापासून कुठल्याही बागेत मी आधी जमीन बघते, मग झाड.

दिवाळीआधी माझं सीताफळ खायला गेले. झाडाखाली विटा लावून पाचोळ्याचा ढीग राखलेला. नवीन सफाईवाला त्यात झाडू घालणार, तोच काका ओट्यावरून धावले.

"अरे भिया, हात नको लावू! कचरा नाही तो, स्टाफ आहे!"