सुमनताईचं सोन्याचं घड्याळ

प्रफुल्लचा फोन आला तेव्हा मी काटोलच्या बसस्टँडवर संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. "मामा... आई..." एवढंच बोलून तो थांबला. वर भोंग्यावरून गाड्यांची नावं पुकारणं चालू होतं, मला वाटलं रेंज गेली. मी उभा राहून ओरडलो, "आवाज नाही येऊन राहिला गा! जोरानं बोल!" आणि तासाभरापूर्वी आई गेलेला तो बिचारा मुलगा खरंच जोरानं बोलला. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही ऐकू गेलं. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि पाण्याची बाटली पुढे केली. नागपूरला पोचेपर्यंत मला एकच गोष्ट छळत होती. हा प्रकार ताईला कळला असता तर ती किती हसली असती! "मी मेली हेही तुले ओरडूनच सांगा लागलं नं?" असं नक्की म्हणाली असती.

या गोष्टीला आता सव्वा महिना झाला. सुमनताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. महापालिकेच्या शाळेत तिनं उभी नोकरी गणित शिकवण्यात घालवली, त्यामुळे चूक दिसली की गप्प बसणं तिला जमत नसे. मग ती लग्नपत्रिकेतली असो की देवळाच्या पाटीवरची. आमचे बाबा नागपूरच्या महाल भागात मागावर लुगडी विणायचे. काठाची जर खरी की खोटी, हे ते नुसती चिमटीत धरून सांगत. दुकानदार त्यांना मुद्दाम बोलावून न्यायचे. अशा या बाबांनी ताईच्या लग्नात जावयाला सोनेरी घड्याळ दिलं. ते घेण्यासाठी किती लुगडी विणली असतील ते त्यांनाच ठाऊक. भाऊजींनी ते मनगटावर चढवलं आणि मांडवभर हात वर करूनच फिरले.

दहाएक वर्षांनी त्या घड्याळाच्या कोपऱ्याचा रंग उडाला आणि खालचं पितळ दिसलं. झालं! तेव्हापासून भाऊजींच्या हातात कोलीतच आलं. भाजीत मीठ जास्त पडलं, "तुह्या बापानं पितळ दिलं." दिवाळीला साडी मागितली, "आधी तुह्या बापाले घड्याळ बदलून मांग." ते हसत हसत म्हणायचे, पण म्हणायचे. गंमत अशी की हे बोलतानाही ते घड्याळ त्यांच्या हातावर असायचंच. ताई उलट बोलायची, भांडायची, मात्र आत कुठेतरी तिला ते लागायचं. एकदा मला म्हणाली होती, "काठाची जर हातानं ओळखणारा माणूस घड्याळात फसला कसा रे?... का माहीत असून दिलं?" ज्यांना विचारायचं ते बाबा तोवर गेलेले होते.

भाऊजी गेले आणि वर्षभरानं ताईनं मला घरी बोलावलं. "वसंता, मले सोन्याचं घड्याळ घ्याचं आहे."

"कोणासाठी?"

"तुह्या भाऊजीसाठी."

"ताई, भाऊजी तर..."

"मले माहीत आहे ते कुठी आहेत. फोटोसमोर ठेवीन. म्हणीन, पाहा, हे सोनं आहे. आता गप बसा."

"ते गप्पच आहेत वं."

"तुले नाही माहीत," ताई फोटोकडे पाहून म्हणाली.

नवं सोन्याचं घड्याळ आमच्यासारख्यांच्या आवाक्यातलं नाही, हे दोन दुकानांच्या काचेबाहेर उभं राहूनच कळलं. तेव्हा जुनं घ्यायचं ठरलं. जुन्या घड्याळातलं आम्हा दोघांनाही काही कळत नव्हतं. पण ताईनं शाळेतल्यासारखी दोनशे पानी वही घातली, वर लाल शाईनं 'घड्याळ' लिहिलं आणि मला मागच्या बाकावरच्या पोरासारखं घेऊन ती निघाली. इतवारीतल्या सोनाराकडे तिनं विचारलं, "जुनं घड्याळ असंन तर दाखवा." तो म्हणाला, "येतात बाई कधीमधी. आम्ही आतलं मशीन काढून फेकतो अन् सोनं वितळवतो." ताईनं वही उघडून लिहिलं, 'सोनाराला वेळ कळत नाही,' आणि त्याच्यासमोरच वाचूनही दाखवलं.

मग कोणीतरी सांगितलं म्हणून आम्ही सीताबर्डीला रस्त्यावर जुन्या वस्तू मांडणाऱ्या एका माणसाकडे गेलो. त्यानं मखमली डबीतून एक झगझगीत घड्याळ काढलं. "शंभर टक्के सोनं, आजी. साहेब लोकांचं आहे." मी तर भारावलोच. ताईनं चष्मा वर केला, डोळ्याला घड्याळ टेकवलं आणि मास्तरीणबाईच्या आवाजात विचारलं, "काहून गा, स्विसच्या स्पेलिंगमधी एस किती?" तो गोंधळला. त्याच्या घड्याळाच्या डायलवर शेवटचा एस गायब होता. कोणीतरी जुना डायल घरीच रंगवला होता. "साहेब लोकाईले स्पेलिंग येत होतं बेटा," असं म्हणून तिनं डबी बंद करून परत दिली. वहीत दुसरी नोंद झाली, 'जास्त चमकते ते घेऊ नये.'

शेवटी महालातल्या एका गल्लीत युसूफभाई सापडले. म्हातारे घड्याळजी, दुकान एवढंसं की गिऱ्हाईक आत आलं तर त्यांना पाय वर घ्यावे लागत. त्यांनी ताईचं सगळं ऐकून घेतलं, वहीही वाचली. मग म्हणाले, "ताई, पहिले मशीन पाहा, मग सोनं. अन् बाईमाणसाचं छोटं घड्याळ पाहा. आजकल सगळ्याइले थाळीएवढं घड्याळ पाहिजे, म्हणून छोट्याले कोणी विचारत नाही. त्यात खरं सोनं स्वस्तात भेटते." त्यांनी ड्रॉवरमधून कागदात गुंडाळलेलं एक घड्याळ काढलं. चिंचोक्यापेक्षा जरासं मोठं. मागचं झाकण उघडून, डोळ्याला लावायचं भिंग ताईच्या हाती देऊन त्यांनी आतला अठरा कॅरेटचा बारीक शिक्का दाखवला. ताईनं तो पाहिला, मला दाखवला, परत स्वतः पाहिला.

"पण मले तर माणसाचं पाहिजे होतं," असं म्हणत तिनं पर्समधून भाऊजींचं घड्याळ काढलं, मापासाठी आणलेलं. "हे पितळेचं आहे. याच्याएवढं सोन्याचं."

युसूफभाईंनी ते भिंगाखाली धरलं. बराच वेळ उलटंसुलटं केलं. "कोण म्हणते पितळेचं? पितळ आत आहे, वरून सोनं चढवलं आहे. अन् जाड चढवलं आहे, ताई. असं काम आता होत नाही. कोणी घेतलं होतं?"

"माह्या बापानं."

"पारखी माणूस असंन. त्या टायमाले यापेक्षा चांगलं घ्याचं म्हणजे घर विकावं लागलं असतं."

"मग रंग काहून गेला?"

"घालणाऱ्यानं किती वर्षं घातलं?"

"मरेपर्यंत."

"मग? पेटीत ठेवलं असतं तर आजही नवं दिसलं असतं. हे घासलं कशानं? घामानं, शर्टाच्या बाहीनं. एक दिवस हातावरून काढलं नसंन त्यानं."

ताईनं पदरानं चष्मा पुसला आणि वहीचं कोरं पान उघडून युसूफभाईंपुढे सरकवलं. "लिहून द्या," ती म्हणाली. "तारीख टाका. खाली सही करा."

त्या म्हाताऱ्या माणसानं अतिशय गंभीरपणे लिहून दिलं की हे घड्याळ उत्तम प्रतीचं असून देणाऱ्याची कोणतीही चूक नाही. ताईनं घरी जाऊन ते पान भाऊजींच्या फोटोच्या चौकटीत खोचलं. समोर उभी राहून म्हणाली, "वाचा." आणि मग पदर तोंडाशी धरून रडली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच पाणी पीत राहिलो.

मला वाटलं, प्रकरण संपलं. दुसऱ्या दिवशी ताई तयार होऊन दारात. "चाल, ते छोटं घड्याळ घ्याचं आहे."

"आता कोणासाठी?"

"माह्यासाठी! लग्नात मले काय भेटलं होतं? स्टीलचा डबा!"

युसूफभाई आणखी एक पाऊल पुढचे. ते म्हणाले, आठ दिवस घरी नेऊन चालवून पाहा, मग घ्या. न घेतलेल्या सोन्याची जबाबदारी म्हणून ताईनं ते पोह्याच्या डब्यात लपवलं आणि सून रुपाली हिला सांगायला विसरली. रविवारी सकाळी पोहे चाळताना चाळणीत टिकटिक ऐकू आली. रुपाली किंचाळली. पोह्यांवर घ्यायची झणझणीत तर्री शेगडीवर तशीच टाकून सगळे धावले. ताईनं चाळणीतून घड्याळ उचललं, कानाला लावलं आणि आनंदानं जाहीर केलं, "पोह्यातही चालू आहे! घेऊन टाकू!"

पुढची तीन वर्षं ते तिच्या हातावर होतं. अंक इतके बारीक की तिला स्वतःला वेळ दिसत नसे, आणि दिवसाला ते चारपाच मिनिटं मागे पडे. म्हणून रोज सकाळी आठला, चावी देताना, ती मला फोन करायची. "वसंता, किती वाजले?" एकदा मी वैतागून म्हटलं, "ताई, तुह्या फोनवर दिसते नं वेळ!" तर म्हणे, "फोन कानाले लावून राहिली मी. डोळ्यानं कशी पाहू?" यावर काय बोलणार? मी वेळ सांगायचो. मग ती गुडघ्यांचं, रुपालीच्या हट्टीपणाचं, भाजीच्या भावाचं सांगायची आणि तोवर पाच मिनिटं उलटून गेलेली असायची, की परत "आता किती वाजले?"

तेराव्यानंतर प्रफुल्लनं घड्याळ माझ्यापुढे ठेवलं, मामा, तुम्ही ठेवा. मी म्हटलं, रुपालीला दे. सासूशी भांडण करून करून तिचाच हक्क झाला आहे. रुपाली ते घेऊन आत गेली.

गेल्या आठवड्यात मी सकाळी गॅलरीत पेपर वाचत होतो. फोन वाजला.

"मामा, मी रुपाली. आईंचं घड्याळ बंद पडलं होतं, आता चावी दिली. किती वाजले?"

"अगं, तुझ्या फोनवर..."

"दिसते नं," ती म्हणाली. "पण तुम्ही सांगा."

मी आत जाऊन भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. "आठ वाजून तीन मिनिटं," मी म्हटलं, आणि काटे लावण्यासाठी ती बारीकशी चावी नखानं बाहेर ओढायला तिला वेळ लागेल म्हणून थोडं थांबून परत सांगितलं, "आता चार."