काका झोपलेत

मुलं लहान असताना परगावच्या मैत्रिणीकडे राहून आलं, की बॅगेत दोन गोष्टी जास्तीच्या निघतात. एक, त्यांच्या घरातला एखादा मोजा. आणि दुसरी, एखादा किस्सा. मोजे आम्ही इमानदारीत परत केले. किस्से मात्र साठत गेले, आणि माझ्याकडचे निम्मेअधिक पनवेलचे आहेत.

पनवेलला वैशाली राहते, माझी होस्टेलची रूममेट. तिचा नवरा प्रदीप तळोज्याच्या एका कंपनीत, शिफ्टची नोकरी. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात शांतता होती आणि हॉलमध्ये काचेचं शोकेस होतं. आमच्याकडे पाच वर्षांची रेवा आणि अडीच वर्षांचा मल्हार होते. सख्खी म्हणावी अशी मैत्रीण मला एकच. पोरांपायी ते घर आपल्याला तुटू नये, ही धास्ती घेऊनच मी नाशिकहून एसटीत बसायचे.

∗

पहिल्याच खेपेला मल्हारला घाटात गाडी लागली. हाताशी ठेवलेले तिन्ही कपडे संपले. पनवेलच्या स्टँडवर उतरलो तेव्हा पोरगं माझ्या भगव्या ओढणीत गुंडाळलेलं.

वैशालीनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अगं, मी दोन मुलं आण म्हटलं होतं. तू एक मुलगी आणि एक महाराज आणलेस."

∗

प्रदीपची नाइट असली की तो सकाळी आठला यायचा आणि दोनपर्यंत झोपायचा. तोवर बेल बंद, मिक्सर बंद, डाळसुद्धा पातेल्यात शिजायची, कारण कुकर शिट्टी मारतो. आता आमच्या शेखरची शिंक म्हणजे सुतळी बॉम्ब. ती येतेय असं वाटलं की नवरा माझा नाक दाबून तीन जिने खाली पळायचा.

दोन दिवसांनी वॉचमननं वैशालीला हळूच विचारलं, "मॅडम, साहब को घर में छींकने नहीं देते क्या?"

∗

मासळीवाली मावशी उरणकडची. तिची आरोळी कोपऱ्यावरून ऐकू यायची. त्या दिवशी दार रेवानं उघडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "काका झोपलेत."

मावशी टोपली घेऊन खाली बसली आणि कानात सांगावं तसं म्हणाली, "पापलेट हाय. ताजा हाय. नको तं नाय म्हन." पुढचा सगळा सौदा कुजबुजत झाला.

वैशाली खूश. "आठ वर्षांत पहिल्यांदा भाव उतरला गं. ओरडता येईना, तर ती भांडणार कशी?"

∗

प्रदीप फार बोलायचा नाही. आलो की "आलात?" आणि निघालो की "निघालात?" मधल्या दिवसांत मी त्याचा चेहरा वाचत बसायचे, आणि त्यात मला दर वेळी एकच दिसायचं: हे जातायत कधी?

तिसऱ्या खेपेला मल्हारनं शोकेसमधला काचेचा ताजमहाल फोडला. आवाजानं प्रदीप दारात आला, तुकड्यांकडे बघितलं, मल्हारकडे बघितलं, आणि दार लावून घेतलं. ताजमहाल त्याच्या बहिणीनं दिलेला. मी रडकुंडीला आले. वैशालीला म्हटलं, आम्ही लॉजवर जातो.

"गप गं," ती केर भरता भरता म्हणाली. "नणंदेची वस्तू, मला टाकता येत नव्हती. आठ वर्षं वाट बघत होते मी."

माझं समाधान झालं नाही. दार तिनं नव्हतं लावलं, त्यानं लावलं होतं.

∗

त्याच खेपेला, निघायच्या दिवशी, बाराच्या सुमाराला मल्हार दिसेना. रेवा शेजारी खेळायला गेली होती आणि बाहेरचं दार सताड उघडं. पलंगाखाली नाही, मोरीत नाही, गॅलरीत नाही. प्रदीप झोपलेल्या खोलीचं दार तेवढं बंद होतं, तिकडे कोण जाणार? खाली पाण्याची टाकी होती, गेटबाहेर गाड्यांचा रस्ता.

शेखर टाकीकडे धावला, वॉचमन गेटकडे, वैशाली गच्चीवर. मी एकेका मजल्यावर दारं ठोठावत सुटले. आणि खरं सांगते, आम्ही सगळे कुजबुजत शोधत होतो. अख्ख्या जिन्यात "मल्हार, मल्हार," जप केल्यासारखं. सवयच लागली होती तशी.

मासळीवाली मावशी टोपली उतरवून बघत राहिली, मग भडकली. "पोर हरवलाय आन तुमी कानात बोलताव? हाका मारा ना जोरान!"

मी घरात धावले आणि हॉलच्या मधोमध उभी राहून, होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडले, "मल्हाऽऽर!"

बेडरूमचं दार जरासं उघडलं. दारात प्रदीप, बनियनवर, केस विस्कटलेले. त्याच्यामागे पलंगावर माझं पोर आडवं पसरलेलं, आणि त्याच्या दोन्ही पायांत प्रदीपचे मोजे. भिंत धरून मी तिथंच खाली बसले.

प्रदीपनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," तो म्हणाला. "आत्ताच झोपलाय."