डाग सुटला

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखीच्या कुणापुढं हे तोंडातून निघालं नाही. बायको होती तोवर रोज ठरवायचो — आज सांगू, जेवणं झाल्यावर सांगू — आणि ती गेली, न ऐकताच गेली. भावाला सांगायचा तर प्रश्नच नाही, त्याच्या लेखी मी सरळ माणूस.

शिरवळला एका खोलीत राहतो. कंपनीतली नोकरी संपली, पण गावाकडं गेलो नाही. संध्याकाळी टीव्ही लावून ठेवतो, बघत नाही, नुसतं घरात कुणाचं तरी बोलणं हवं म्हणून. वीज गेली की आवाज बंद होतो आणि मग मला माझेच दोन शब्द ऐकू येतात. दोनच आहेत. ते सांगण्याआधी गाडीचं सांगतो. गाडीबद्दल बोलायला मला सोपं जातं.

तेव्हा मी सांगलीत एका गॅरेजात मिस्त्री होतो. नव्वद साल उलटून काही वर्षं झालेली. तासगावकडचा सुहास आमच्याकडं यायचा — बापाची द्राक्षबाग, पण पोराचा सगळा जीव मोटारीत. त्यानं एक जुनी पद्मिनी घेतली होती शर्यतीसाठी. आमच्या भागात तेव्हा माळावर मोटारी पळवायचं खूळ आलं होतं, लाल फुफाट्याचा गोल रस्ता आखायचा आणि सुटायचं. आम्ही मागची सीट काढली, दारं हलकी केली, दोन कार्बोरेटर बसवले. गाडी निघायची झकास, पण सरळ पट्टा लागला आणि पाय दाबला की मध्येच जीव टाकायची. पेट्रोलच पुरायचं नाही. मूळची नळी करंगळीच्या निम्मी, ती बिचारी दोन तोंडं कशी भरणार?

म्हणून ठरलं, टाकीपासून पुढपर्यंत जाड तांब्याची नळी टाकायची, आणि इंजिनावर एक आडवी पितळी नळी बसवायची, जिच्यातून दोन्ही कार्बोरेटरांना सारखं पेट्रोल जाईल. सुहासनं कुठल्याशा इंग्रजी मासिकात तिचं चित्र दाखवलं. तिला म्हणे रेल म्हणतात. गौतमनं चित्र हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाला, "आरं, ही तर बासरी हाय." झालं. तेव्हापासून बासरी.

गौतम माझा दोस्त. खरं सांगायचं तर एकुलता एक. बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करायचा — चेपलेली तोंडं, तडकलेल्या नळ्या. स्वतः कॉर्नेट वाजवायचा, जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढं. गडी फटकळ, आणि स्वतःची तारीफ करताना लाजणं त्याला ठाऊकच नव्हतं. पितळेला पितळ जोडताना चांदीचा रस सोडतात, त्याला आमच्याकडं डाग म्हणतात. गौतम म्हणायचा, "नळी फाटंल, पर माझा डाग न्हाई सुटायचा." आणि छाती काढून आमच्याकडं बघायचा. आम्ही हसायचो. दुपारी त्याच्या डब्यातली भाकरी आणि माझ्या डब्यातलं कोरड्यास, असं आमचं जेवण.

त्या बासरीवर त्याचं लय काही अवलंबून होतं. लग्नसराई संपली की त्याचे हात रिकामे. सुहास म्हणाला होता, गाडी चालली तर शर्यतीवाल्या सगळ्यांचं नळ्यांचं काम तुझ्याकडं. गौतम घरी तसं सांगूनही मोकळा झाला होता. मोटारीचं काम, बारमाही. त्यानं बासरीला दोन तोंडं जोडली, फुंकून बघितली, पाण्यात बुडवून बघितली, आणि मग कापडानं पुसून माझ्या हातात दिली.

आता माझं काम सांगतो. सांगायलाच हवं — की अजून थोडं गाडीबद्दल बोलू? नको.

तांब्याची नळी आणि बासरी यांच्यामध्ये वीतभर रबरी नळी घालावी लागते, कारण इंजिन हलतं. ही नळी पेट्रोल सोसणारी पाहिजे, साधी चालत नाही. मी म्हणालो, मी आणतो, पुण्यातला दुकानदार माझ्या ओळखीचा आहे. कोण ओळखीचा? कुणी नाही. नुसती फुशारकी. सुहास मासिकं वाचायचा, गौतमच्या हातात कला, आणि मी? मला वाटलं, माझंही काहीतरी असावं.

गेलो पुण्याला. एका दुकानात विचारलं, तर काउंटरवरच्या माणसानं माप विचारलं, कुठल्या दाबाची ते विचारलं. मला सांगता येईना. मागं गिऱ्हाइकं उभी. तो म्हणाला, विचारून या. मी पुढच्या दुकानात गेलोच नाही. एसटीत बसलो, परत निघालो. कुणी हाकललं नव्हतं, कुणी अपमान केला नव्हता. एका साध्या प्रश्नाला "माहीत नाही" म्हणायची मला लाज वाटली, बस्स.

तासगावला उतरलो. तिथं द्राक्षावरच्या फवारणीच्या पंपांची दुकानं ओळीनं. काळी रबरी नळी, आत दोऱ्याची वीण — दिसायला तीच की. मी तुकडा घेतला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत फवारणीचं नाव छापलेलं होतं. सुहासचा जन्म बागेत गेलेला, त्यानं एका नजरेत ओळखलं असतं. म्हणून मी पॉलिशपेपर घेऊन ती अक्षरं घासली, पार जाईपर्यंत घासली. म्हणजे बघा, मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही. माहीत नसलेला माणूस अक्षरं कशाला घासेल?

मी नळी पुढं केली तेव्हा गौतमनं बोटानं दाबून बघितली आणि म्हणाला, "पुण्याचा माल हाय, बघायलाच नगो." मी नळी बसवली आणि क्लिप आवळली.

आठवडाभर गाडी अशी पळाली की विचारू नका. मी मनाला सांगितलं, नळी नळीच असते. पण पेट्रोल आतून रबर खात होतं. आटपाडीच्या माळावर शर्यत होती. सुहास पुढं होता, आणि लांबच्या वळणावर बॉनेटमधून धूर आला, मग जाळ. तो गाडीतून सुटला, पण पळून नाही गेला. गाडीचं खूळ ना — बॉनेट उघडायला गेला. उजवा हात भाजला, मनगटापासून बोटांपर्यंत. लोकांनी माती टाकून आग विझवली, सुहासला जीपमध्ये घातलं आणि सांगलीला नेलं. गौतम त्याच्याबरोबर गेला, त्याचा दुसरा हात धरून. मी गाडीपाशी थांबलो.

एकटाच होतो. बॉनेट उघडून बघितलं. बासरी काजळलेली, पण तिचे दोन्ही डाग जसेच्या तसे. रबरी नळीचा उरलेला तुकडा भिजल्या भाकरीसारखा फुगून पिलपिलीत झाला होता, आणि क्लिपमधून निसटला होता. मी तो तुकडा माळावर दूर फेकला. मग बासरी खोलली आणि हत्यारांच्या पिशवीत तळाशी घातली.

दवाखान्यात सुहासचे वडील व्हरांड्यात उभे होते. गौतम भिंतीला टेकलेला. त्यांनी मला विचारलं, मिस्त्री तुम्ही, तुम्हीच सांगा, कशानं झालं? सगळे माझ्याकडं बघत होते.

मी म्हणालो, "डाग सुटला."

हेच ते दोन शब्द. गौतमनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता भांडेल, आता म्हणेल की माझा डाग सुटत नसतो, दाखव. एरवी सगळ्यांशी भांडायचा तो. पण तो नुसता बघत राहिला आणि मग स्वतःच्या हातांकडं बघायला लागला. माझ्यावर त्याचा तेवढा विश्वास होता. सुहासचे वडील म्हणाले, असल्या माणसाच्या हातात इंजिन दिलं कुणी? "असल्या"च्या जागी त्यांनी दुसरा शब्द वापरला होता, जातीचा. तो मी इथं लिहीत नाही. तो शब्द ऐकूनही मी गप्प बसलो. सगळ्यांनी माझं लगेच खरं मानलं, आणि का मानलं तेही मला कळत होतं. मी त्याचाच फायदा घेतला.

गौतम आत गेला, सुहासच्या पायाशी उभा राहिला आणि म्हणाला, "माझा हात चुकला, माफी करा." सुहास बिचारा म्हणाला, होतं असं. त्याची बोटं पुढं नीट मिटली नाहीत. छाटणीची कात्री त्याला डाव्या हातानं धरायला शिकावं लागलं.

दोन-चार दिवसांनी गौतम गॅरेजात आला. म्हणाला, "बासरी दाव की. कुठं सुटलं तेवढं बघतो, म्हंजी पुन्यांदा आसं हुणार न्हाई." मी म्हणालो, भंगारात गेली. तेव्हा पिशवी माझ्या पायाशीच होती. त्यानंतर मोटारीचं काम त्याला कुणी दिलं नाही. पण मला लागलं ते वेगळंच — त्यानं वाद्यांचंही काम सोडलं. लोक यायचे, तो म्हणायचा, दुसऱ्याकडं जा, माझ्या डागाचा भरवसा न्हाई. कुठल्याशा गोदामावर राखणदार म्हणून लागला. मला सांगलीत राहवेना. शिरवळच्या कंपनीत जागा निघाली, इकडं आलो. पुन्हा कुणाशी एका डब्यात जेवलो नाही.

इथंच संपलं असतं तर कदाचित मी तुम्हालाही सांगितलं नसतं.

काही वर्षांनी सांगलीच्या एसटी स्टँडवर तो भेटला. केस पिकलेले. मला बघून त्याला आनंद झाला, खरा आनंद. चहा पाजला. इकडचं तिकडचं झालं आणि मग कप खाली ठेवून म्हणाला, "वसंता, एक इचारू? बासरीचं कुठल्या अंगाचं सुटलं हुतं रं? डाव्या का उजव्या?"

इतकी वर्षं तो तेच धरून बसला होता. दोन जोड, आणि त्यातला चुकलेला कुठला. मला सांगता आलं असतं. स्टँडवर कोण ऐकत होतं? सुहासचे वडीलही तेव्हा राहिले नव्हते. भ्यायचं कुणाला होतं?

मी म्हणालो, "डाव्या."

तो मान हलवत राहिला. "मला वाटलंच. त्या अंगाला आच कमी पडली आसंल." मग म्हणाला, "तुझ्या गॅरेजाचंबी नाव खराब झालं माझ्यापायी." आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, सोड रं, माझ्या मनात काही नाही, मी कधीच माफ केलंय तुला.

त्याचे डोळे भरले. म्हणाला, "लय मोठ्या मनाचा हाईस गड्या." माझी गाडी लागली तेव्हा त्यानं माझी पिशवी उचलून वर दिली, आणि गाडी वळेपर्यंत हात करत उभा राहिला. नंतर आम्ही भेटलो नाही. तो आहे, सांगलीतच आहे, पत्ता मला माहीत आहे.

बासरी माझ्याजवळ आहे, ट्रंकेत, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली. आज दुपारी काढली. दोन्ही तोंडं बोटांनी दाबली, नळाखाली धरून पाणी भरलं आणि हात दुखेपर्यंत धरून बसलो. उजवा डाग कोरडा राहिला. डावाही कोरडा राहिला.